ऊन, कडुनिंब आणि पाण्यातलं कीटकनाशक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वनस्पतींच्या अर्कातून नॅनोकण तयार करायचे आणि उन्हाच्या जोरावर त्यांच्याकडून पाण्यातली कीटकनाशकं तोडून घ्यायची, हे काम आमच्या प्रयोगशाळेत आणि गच्चीवर काही वर्षांपासून चालू आहे. व्याख्यानानंतर, फोनवर, लोकल ट्रेनमध्येसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. विचारणारे मुख्यतः तिघे: प्रकल्प करणारे विद्यार्थी, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि वसई ते डहाणू पट्ट्यातले बागायतदार. ज्यांच्या टाकीत आत्ता औषध गेलंय त्यांनी बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १० वाचावा.

१. नॅनोकण आणि ऊन मिळून कीटकनाशकाचं नेमकं काय करतात?

तोडतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हे अर्धवाहक आहेत. त्यांच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीत जातो आणि मागे एक रिकामी जागा राहते. या दोघांच्या पाण्याशी आणि विरघळलेल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेतून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे अतिशय आक्रमक घटक तयार होतात. हे रॅडिकल निमिषभरच टिकतात, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतात. लचके तुटत राहिले तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड, फॉस्फेट, नायट्रेटसारखे साधे क्षार उरतात. कण मात्र पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो.

फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या विषयाला खरा वेग आला. 'नॅनो' म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर. कण जितका बारीक तितकं तेवढ्याच वजनात पृष्ठभागाचं क्षेत्र जास्त, आणि सगळं काम पृष्ठभागावरच चालतं.

२. 'हरित पद्धतीने' म्हणजे काय? कण झाडापासून करतात का?

कण धातूच्या क्षारापासूनच होतात, झाड मदतीला असतं. आमची नेहमीची कृती सांगते. कडुनिंबाची पानं धुऊन, चिरून ऊर्धपातित पाण्यात साधारण ६० ते ८० अंशांवर तापवायची. पाण्याला फिकट चहासारखा रंग आला की गाळायचं. त्या अर्कात झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेट घालून ढवळत राहायचं. पानांतली पॉलिफेनॉलं जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि कणांचे गोळे होऊ देत नाहीत. मिश्रण आटून खळीसारखं झालं की मफल भट्टीत ४०० ते ५०० अंशांवर भाजायचं.

भट्टीचं दार उघडल्यावर मुशीत लिंबासारखी पिवळी पूड दिसते. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास घाबरतो, बॅच बिघडली म्हणतो. पाच मिनिटं थांबायचं. थंड होताना ती डोळ्यांदेखत पांढरी होते. तापल्यावर पिवळं दिसणं हा झिंक ऑक्साइडचा स्वभावच आहे.

यात वाचतं ते घातक क्षपणकारक, महागडे द्रावक आणि कणांना वेगळं ठेवणारी कृत्रिम रसायनं. भट्टीची वीज मात्र वाचत नाही. म्हणून 'हरित' हा शब्द मी जपून वापरते, आणि प्रकल्पाच्या अहवालात भट्टी किती तास चालली ते लिहायला लावते.

३. कडुनिंबच हवा का? तुळस, शेवगा, डाळिंबाची सालं चालतील?

चालतील. चहाचा चोथाही चालतो. पॉलिफेनॉल भरपूर असलेला कुठलाही भाग घ्या. अडचण सातत्याची आहे: एकाच झाडाच्या फेब्रुवारीतल्या कोवळ्या पानांचा आणि पावसाळ्यातल्या जून पानांचा अर्क सारखा नसतो, आणि कणांचा आकारही बदलतो. वहीत झाड, महिना आणि पानांचं वजन लिहून ठेवा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. भट्टीत सेंद्रिय भाग जळून जातो, त्यामुळे कडुनिंबाचे औषधी गुण पाण्यात उतरतात वगैरे काही नाही.

४. मुंबईत नळाला येणाऱ्या पाण्यात कीटकनाशक असतं का?

महापालिकेचं पाणी सात जलाशयांतून येतं: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. विहार आणि तुळशी तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच आहेत, तानसाभोवती अभयारण्य आहे. तीव्र फवारणीच्या शेतीतून वाहत येणाऱ्या नदीचं पाणी पिणाऱ्या गावांपेक्षा आपण इथे नशीबवान आहोत. नळाच्या पाण्याची धास्ती घेऊन कुणी काही महागडं यंत्र बसवू नये.

धोका असतो तो मधल्या टप्प्यांवर. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं आहे ते कुणी विचारत नाही. वाळवीसाठी इमारतीच्या पायाभोवती औषध मुरवलं जातं आणि शेजारीच जमिनीखालच्या टाकीची जुनी, भेगाळलेली भिंत असते. माझ्याकडे आलेल्या खऱ्या तक्रारी बहुतेक याच जातीच्या होत्या.

५. किती कीटकनाशक म्हणजे जास्त?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रत्येक कीटकनाशकाची वेगळी मर्यादा देतं. एक लिटर पाण्यात क्लोरपायरीफॉस ३० मायक्रोग्रॅम, ॲट्राझिन (हे खरं तर तणनाशक) २, मोनोक्रोटोफॉस १, एंडोसल्फान ०.४, मिथाइल पॅराथिऑन ०.३. बाटलीबंद पाण्याचं मानक याहून कडक आहे: कुठलंही एक कीटकनाशक ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५.

आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून १०,००० लिटरचा टँकर घ्या. त्यात एक ग्रॅम कीटकनाशक मिसळलं तर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम होतात. ॲट्राझिनची मर्यादा गाठायला त्या अख्ख्या टँकरला २० मिलिग्रॅम पुरतात. चिमूटभर मीठही याहून जड भरतं.

६. उकळून, तुरटी फिरवून किंवा फिल्टरने हे जात नाही का?

उकळण्याने जंतू मरतात. कीटकनाशकावर त्याचा भरवसा नको: पाणी आटतं आणि जे उडून गेलं नाही ते उरलेल्या पाण्यात दाट होतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेल्या औषधाला ती जवळजवळ हातही लावत नाही. क्लोरीनचं प्रकरण नाजूक आहे. क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑनसारख्या काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचं क्लोरीनमुळे 'ऑक्सॉन' या रूपात रूपांतर होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं (प्रश्न १२ मध्ये हाच मुद्दा पुन्हा येईल).

सक्रिय कोळसा बऱ्याच कीटकनाशकांना चांगला धरतो, आरओचं पटलही पुष्कळसं अडवतं. घरासाठी आज हाच खात्रीचा मार्ग, फक्त कार्ट्रिज वेळेवर बदलायला हवं. पण दोन्हींत विष मोडत नाही, जागा बदलतं: कोळशात साठतं किंवा आरओच्या टाकाऊ पाण्यासोबत गटारात जातं. ऊन आणि नॅनोकणांच्या कामात मला जीव ओतावासा वाटतो तो यासाठी, की इथे रेणू खरोखर तुटू शकतो.

७. मग ही पूड पाण्याच्या पिंपात टाकून पिंप उन्हात ठेवलं तर?

कृपा करून नको. पूड तळाशी बसली तर काम करत नाही, ढवळली तर पाणी दुधाळ होतं, आणि ते कण घरच्या गाळणीने निघत नाहीत. प्रयोगशाळेत त्यासाठी सेंट्रिफ्यूज किंवा ०.२२ मायक्रॉनचं गाळणपटल लागतं. किती वेळाने काय उरलं हेही घरी मोजता येत नाही. अर्धवट तुटलेलं औषध प्यायची वेळ येऊ शकते.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवायची एक पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती जंतूंसाठी आहे. कीटकनाशकासाठी तिचा आधार घेऊ नका.

८. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर असा प्लँट बसवता येईल का? कमिटीची तयारी आहे.

हिशेब मांडून बघू. या कामात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम पूड लागते असं धरा. १०,००० लिटरला झाली पाच किलो. प्रकाश पूड मिसळलेल्या पाण्यात खोलवर शिरत नाही, म्हणून पाण्याचा थर पातळ हवा. पाच सेंटीमीटरचा थर धरला तर १०,००० लिटर पसरायला २०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २,१५० चौरस फूट जागा लागेल. एका टँकरसाठी एवढी गच्ची! शिवाय सतत ढवळणं, नंतर गाळणं आणि प्रत्येक खेपेला तपासणी. कमिटीची तयारी पाहून बरं वाटतं, पण तोच पैसा जमिनीखालच्या टाकीच्या भिंती दुरुस्त करण्यावर आणि टँकरच्या पाण्याच्या तपासणीवर खर्च करा.

९. घोलवडला आमची चिकूची बाग आहे. फवारणी पंप धुतलेलं पाणी ओढ्यात जातं. त्यावर हे चालेल का?

हाच प्रश्न जास्त लोकांनी विचारावा असं मला मनापासून वाटतं. या तंत्राची खरी जागा इथे आहे. ओढ्यात गेल्यावर औषध लाखो लिटर पाण्यात पसरतं आणि मग ते शोधणंही कठीण होतं. पंपाच्या टाकीजवळ ते पाच-दहा लिटरमध्ये एका जागी असतं, पिण्याचं नसतं, आणि दोन दिवस उन्हात राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही.

स्पेनमध्ये अल्मेरिया हा हरितगृहांचा मोठा पट्टा आहे. तिथल्या सौर संशोधन केंद्राने कीटकनाशकाचे डबे धुतलेल्या पाण्यावर असंच काम केलं. काचेच्या नळ्यांतून पाणी फिरवायचं आणि मागे वळणदार आरसे ठेवून नळीच्या सगळ्या बाजूंनी ऊन पाडायचं. रेणू अर्धेमुर्धे तुटून जिवाणूंना पचतील असे झाले की पुढचं काम जैविक टाकीवर सोपवायचं, हीही पद्धत तिथे अभ्यासली गेली. मला ही जोडी फार शहाणपणाची वाटते, कारण शेवटच्या कार्बनपर्यंत सगळं उन्हाकडूनच करून घ्यायचा हट्ट महाग पडतो.

एक अडचण आधीच सांगते. बाजारातलं औषध शुद्ध नसतं. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात कालवायचं तेलकट द्रव औषध) पाण्यात ओतलं की पांढरे ढग उठतात आणि सगळं पाणी दुधासारखं होतं, ते त्यातल्या तेलकट द्रावकामुळे आणि इमल्सिफायरमुळे. हे पांढरेपण प्रकाश अडवतं आणि द्रावकाचे रेणू औषधाच्या वाट्याचे रॅडिकल खाऊन टाकतात. शुद्ध औषधावर दोन तासांत होणारं काम इथे कितीतरी लांबतं.

तोवर आज करण्यासारखं: डबा तीन वेळा विसळा, ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओता आणि त्याच बागेत फवारून संपवा. पंप ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ धुऊ नका.

१०. पेस्ट कंट्रोल झाल्यापासून टाकीच्या पाण्याला औषधाचा वास येतोय. काय करू?

पाणी पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं थांबवा. पंप बंद करा, म्हणजे वरची टाकी वाचली असेल तर वाचेल. कुणाला मळमळ, खूप घाम, लाळ सुटणं, धाप लागणं, डोळ्यांची बाहुली टाचणीसारखी बारीक होणं असं काही होत असेल तर ताबडतोब रुग्णालयात न्या आणि औषधाचं लेबल किंवा त्याचा फोटो सोबत द्या.

कंत्राटदाराकडून औषधाचं रासायनिक नाव लेखी मागा. आमच्याच इमारतीत एकदा वाळवीच्या कामानंतर असा वास आला होता. कंत्राटदार दोन दिवस 'हर्बल आहे मॅडम' एवढंच सांगत राहिला. शेवटी कचऱ्यात टाकलेला रिकामा डबा वॉचमनने शोधून दिला, तेव्हा कुठे कशाची तपासणी करायची ते कळलं. तेव्हापासून काम सुरू होण्याआधीच लेबलचा फोटो घेऊन ठेवायचा, असं मी सगळ्यांना सांगते.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा. उपसा करण्याआधी नमुना घ्या (कसा घ्यायचा ते प्रश्न ११ मध्ये). मग टाकी रिकामी करून घासून घ्या आणि पाणी परत कुठून शिरतंय ती भेग शोधा. टाकीत कसलीही पूड टाकू नका, क्लोरीनही नको. कारणं प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहेत.

११. नमुना कसा घ्यायचा?

तपकिरी काचेच्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत आणू नका. क्लोरपायरीफॉससारखं औषध पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे ते प्लास्टिकला चिकटून बसतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. 'पाणी तपासा' एवढं सांगितलं तर जंतू आणि क्षारच तपासले जातात. कीटकनाशकाचं नाव लिहून द्या.

१२. आमच्या प्रयोगात दोन तासांत ९५ टक्के कीटकनाशक गायब झालं. म्हणजे यश ना?

अजून नाही. गायब होणं आणि नष्ट होणं यांत तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, चिकटणं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात आमच्या एका विद्यार्थिनीने गच्चीवर दोन बीकर ठेवले, एक उघडा आणि एक फॉइलमध्ये गुंडाळलेला. उघड्यातलं क्लोरपायरीफॉस झपाट्याने उतरलं आणि सगळ्यांना आनंद झाला. संध्याकाळी फॉइल सोडलं तर त्यातलंही निम्म्याहून जास्त गेलेलं! अंधारात काही तुटत नसतं. औषध नुसतं पुडीवर आणि काचेवर बसलं होतं. अंधारातला बीकर न ठेवता आलेला आकडा मी वाचतही नाही.

दुसरं, बाष्पीभवन. मुंबईच्या दुपारी उघड्या बीकरमधलं पाणी बघता बघता खाली जातं. आकारमान दर तासाला नोंदवा, नाहीतर तीव्रतेचे आकडे चुकतील.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुकडे. तपासणी यंत्राच्या आलेखावरचा मूळ रेणूचा उंचवटा गेला म्हणजे एवढंच, की तो रेणू त्या रूपात उरला नाही. क्लोरपायरीफॉसपासून ऑक्सॉन आणि ट्रायक्लोरोपिरिडिनॉल होतात. ऑक्सॉन मूळ औषधापेक्षा घातक. ते पुढे तुटलेत का हे वेगळं तपासावं लागतं. एकूण सेंद्रिय कार्बन मोजा: मूळ औषध ९५ टक्के गेलं आणि कार्बन थोडासाच घटला, तर तुमच्या बीकरमध्ये तुकड्यांचं सार आहे.

१३. असं कुठलं कीटकनाशक आहे का, जे शेवटपर्यंत तुटतच नाही?

ॲट्राझिन. टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून त्याच्या बाजूच्या साखळ्या उडतात, क्लोरीन निघतो, पण मधलं नायट्रोजनचं वलय टिकून राहतं आणि गाडी सायन्युरिक ॲसिडपाशी थांबते. सायन्युरिक ॲसिड ॲट्राझिनच्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी आहे, म्हणून याला पूर्ण अपयश म्हणता येत नाही. मात्र अहवालात 'संपूर्ण खनिजीकरण' (म्हणजे साध्या क्षारांपर्यंत पूर्ण तुटणं) लिहिलं तर ते खोटं ठरेल.

१४. मिथिलीन ब्लूवर प्रयोग केला तर चालेल? कीटकनाशक हाताळायला भीती वाटते.

भीती योग्यच आहे. सरावासाठी चालेल. पण हा निळा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे रंग उडाला तो नेमका तुमच्या कणामुळे की रंगाच्या स्वतःच्या करामतीमुळे, हे सांगता येत नाही. त्यावरून कीटकनाशकाबद्दल निष्कर्ष काढू नका.

१५. ऊर्धपातित पाण्यात झकास चाललं, विहिरीच्या पाण्यात काहीच होईना. पूड खराब झाली का?

पूड ठीक आहे, पाणी खरं आहे. विहिरीच्या पाण्यातले बायकार्बोनेट, क्लोराइड आणि कुजलेल्या पाल्यातून आलेली सेंद्रिय द्रव्यं रॅडिकल गिळून टाकतात. उत्तन किंवा वसईच्या किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरींत हा त्रास अधिकच. पीएचही बघा: झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर साधारण ९ पीएचच्या खाली धन भार असतो, वर ऋण. त्यानुसार औषध जवळ येतं किंवा दूर ढकललं जातं. पहिल्या दिवसापासून खरं पाणी वापरा, हिरमोड लवकर होतो आणि वेळ वाचतो.

१६. पावसाळ्यात काय?

काम मंदावतं. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेत अतिनील किरण जेमतेम ४ ते ५ टक्के, आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला तेच लागतात. ३८७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा प्रकाश त्याच्या कामाचा नाही. झिंक ऑक्साइडचीही तीच गत. मुंबईवर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात आम्ही गच्चीवर असतो; जुलैची शून्य सावली बहुधा ढगांतच जाते. ढगांतून विखुरलेले अतिनील किरण येतात, त्यामुळे काम अगदी बंद पडत नाही.

म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ शोधले जातात: बिस्मथ व्हॅनाडेट, ग्रॅफाइटसारखं कार्बन नायट्राइड, लोहाचे ऑक्साइड, किंवा दोन पदार्थांची जोडी. लोहयुक्त कणांचा आणखी एक फायदा असा, की ते चुंबकीय रूपात केले तर बीकरच्या बाहेरून चुंबक लावून गोळा करता येतात.

१७. चांदीच्या नॅनोकणांचे फिल्टर असतात, तेही उन्हावरच चालतात का?

नाही, ते वेगळं रसायन. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर एंडोसल्फान, क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑन ही कीटकनाशकं काढून टाकण्याचं काम केलं आणि त्यातून घरगुती फिल्टरही निघाला. त्याला ऊन लागत नाही.

१८. नॅनोकणच पाण्यात राहिले तर? आणि वापरलेली पूड कुठे टाकायची?

झिंक ऑक्साइड आम्ल आणि तीव्र अल्क अशा दोन्हींत विरघळतं, आणि प्रकाशातही थोडं झिजतं. म्हणून प्रक्रियेनंतर पाण्यातलं जस्त मोजावंच लागतं. पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. माणसाला चालेल एवढं जस्त माशांना आणि शेवाळाला चालेलच असं नाही. सुटी पूड टाळण्यासाठी कण काचेवर किंवा अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांवर बसवतात. वेग घटतो, पण पाणी नितळ राहतं. माझं मत मण्यांच्या बाजूने आहे.

कोरडी पूड हाताळताना मास्क लावाच. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या गटात ठेवलंय.

वापरलेल्या पुडीवर न तुटलेलं औषध चिकटलेलं असू शकतं (प्रश्न १२). बेसिनमध्ये ओतू नका, कुंडीतही नको. आम्ही ती झाकणाच्या डब्यात, औषधाचं नाव आणि तारीख लिहून साठवतो, आणि डबा भरला की इतर घातक रासायनिक कचऱ्यासोबत तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवतो.